नाशिकमधील उन्हाळी उत्सव

नाशिकमधील उन्हाळी उत्सव म्हणजे महाराष्ट्रातील नाशिक शहरात आणि त्याच्या परिसरात फाल्गुन ते ज्येष्ठ या महिन्यांत, म्हणजे साधारणतः मार्च ते जूनच्या प्रारंभापर्यंत, साजरे होणारे सण, रथोत्सव, यात्रा आणि सार्वजनिक कार्यक्रम होत. रंगपंचमीच्या रहाडी, काळाराम मंदिराचा वासंतिक नवरात्रोत्सव आणि रथयात्रा, सप्तशृंगगडावरील चैत्रोत्सव, त्र्यंबकेश्वर येथील उटीची वारी आणि गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमाला ही या उत्सवांची प्रमुख अंगे आहेत. यांपैकी बहुतेक कार्यक्रम मंदिराच्या गाभाऱ्याबाहेर, म्हणजे घाटावर, पटांगणात, रस्त्यावर किंवा डोंगरवाटेवर पार पडतात. त्यामुळे पाणी, सावली आणि दिवसाची वेळ यांना त्यांच्या आखणीत महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

नाशिक हे गोदावरीच्या तीरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे ते सातशे मीटर उंचीवर वसलेले प्राचीन शहर आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरमार्गे शहरात येते आणि रामकुंडाजवळ दक्षिणेकडे वळते. नदीच्या एका तीरावर पंचवटी आणि दुसऱ्या तीरावर जुने नाशिक आहे. पेशवाईच्या काळात येथे अनेक मंदिरे, वाडे आणि दगडी घाट बांधले गेले. शहरातील उत्सवांचे मार्ग आजही मुख्यतः याच जुन्या भागातून जातात.

एप्रिल व मे महिन्यांत शहराचे कमाल तापमान सामान्यतः ३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हवा कोरडी असल्यामुळे दुपार कडक असली, तरी सायंकाळी उष्मा लवकर ओसरतो. म्हणून उन्हाळ्यातील सार्वजनिक जीवन पहाट आणि सायंकाळ या दोन वेळांभोवती फिरते. स्नान, पालखी आणि पदयात्रा पहाटे, तर रथ, कीर्तन आणि व्याख्याने सायंकाळी, असा सर्वसाधारण क्रम दिसतो. मध्यान्हीचा रामजन्म हा याला मुख्य अपवाद होय.

शेतीचे वेळापत्रकही या काळाला अनुकूल असते. रब्बीची काढणी उरकलेली असते, द्राक्षांचा हंगाम संपत आलेला असतो आणि खरिपाच्या मशागतीला अवकाश असतो. शाळांच्या सुट्ट्या आणि लग्नसराई यांमुळे बाहेरगावी गेलेली कुटुंबेही याच दिवसांत गावी परततात.

रंगपंचमी आणि रहाडी

नाशिकमध्ये रंग खेळण्याचा मुख्य दिवस धूलिवंदन नसून फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमी हा आहे. धूलिवंदनाच्या दिवशी जुन्या नाशिकमध्ये वीरांची मिरवणूक निघते. घरोघरचे वीरांचे टाक वाजतगाजत रामकुंडावर नेऊन त्यांना स्नान घातले जाते. बाशिंग बांधलेला दाजिबा वीर हे या मिरवणुकीचे मुख्य आकर्षण असते. त्यानंतर काही दिवसांनी येणारी रंगपंचमी रहाडींसाठी प्रसिद्ध आहे.

रहाड म्हणजे जमिनीत खोदलेला, दगडी बांधणीचा, चौकोनी हौद. या रहाडी पेशवेकालीन असल्याचे मानले जाते. शनि चौक, तिवंधा आणि दिल्ली दरवाजा येथील रहाडी विशेष परिचित आहेत. वर्षभर रहाड लाकडी फळ्यांनी झाकून वर मातीचा थर दिलेला असतो आणि त्यावरून नेहमीप्रमाणे वाहतूक सुरू असते. त्यामुळे परक्या माणसाला भर रस्त्यात हौद असल्याची कल्पनाही येत नाही. रंगपंचमीपूर्वी काही दिवस माती व फळ्या काढून रहाड उघडली जाते, तिची साफसफाई व डागडुजी होते आणि ती पाण्याने भरली जाते. प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेने ठरलेला असून तो फुले व वनस्पती उकळून तयार करण्याची पद्धत आहे. मानकऱ्यांच्या हस्ते पूजन झाल्यावर दुपारपासून लोक रहाडीत उड्या घेतात. या उडीला स्थानिक बोलीत ‘धप्पा’ असे म्हणतात. उडी मारताना अंग पाण्यावर अशा रीतीने टाकले जाते, की रंगीत पाणी उसळून काठावरील लोकांनाही भिजवते.

रहाडीत न्हाल्याने पुढचा उन्हाळा बाधत नाही, अशी लोकसमजूत आहे. उत्सव संपल्यावर रहाड पुन्हा बुजवली जाते आणि रस्ता पूर्ववत होतो. शहराची वाढ, रस्त्यांचे डांबरीकरण आणि नवी बांधकामे यांमुळे जुन्या रहाडींपैकी काही कायमच्या बुजल्या असून मोजक्याच रहाडी आता उघडल्या जातात.

गुढीपाडवा ते रामनवमी

चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला, काळाराम मंदिरात वासंतिक नवरात्रोत्सव सुरू होतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी काळ्या पाषाणात बांधलेले हे मंदिर पंचवटीत असून त्याच्या प्रशस्त आवाराभोवती कमानींच्या ओवऱ्या आहेत. उन्हाच्या वेळी भाविकांना या ओवऱ्यांची सावली मिळते. पाडव्याच्या सुमारास गोदाघाटावरील पटांगणांत महारांगोळी, सामूहिक ढोलवादन आणि शास्त्रीय संगीत-नृत्याचे कार्यक्रम होतात. शहराच्या निरनिराळ्या भागांतून नववर्ष स्वागतयात्राही निघतात.

चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता रामजन्माचा सोहळा होतो. मध्यान्हीच्या उन्हात मंदिराचे आवार आणि बाहेरचा रस्ता गर्दीने भरून जातो. जन्मसोहळ्यानंतर सुंठवड्याचा प्रसाद वाटला जातो. याच काळात घरोघरी चैत्रगौर बसवली जाते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालणाऱ्या या हळदीकुंकवात कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि कलिंगड देण्याची प्रथा आहे. उष्म्यावर उतारा म्हणून घेतले जाणारे पदार्थच येथे देवीचा नैवेद्य ठरले आहेत.

रथोत्सव

वासंतिक नवरात्रोत्सवाचा सर्वांत मोठा सार्वजनिक कार्यक्रम म्हणजे चैत्र शुद्ध एकादशीची, म्हणजे कामदा एकादशीची, रथयात्रा. या दिवशी सायंकाळी मंदिराच्या पूर्व दरवाजापासून रामरथ आणि गरुडरथ असे दोन लाकडी रथ निघतात. रामरथात रामाची भोगमूर्ती आणि गरुडरथात रामाच्या पादुका असतात. गरुडरथ पुढे आणि रामरथ मागे असा क्रम असतो. रथ दोरखंडांनी ओढले जातात. रामरथाची जबाबदारी रास्ते आखाडा तालीम संघ आणि पाथरवट समाज यांच्याकडे, तर गरुडरथाची अहिल्याराम व्यायामशाळेकडे परंपरेने आहे.

मंदिराच्या पूजाधिकाऱ्यांपैकी त्या वर्षी ज्यांच्याकडे उत्सवाचा मान असतो, त्यांना ‘बुवा’ म्हणतात. नवरात्राच्या काळात बुवा व्रतस्थ राहतात. रथयात्रेत ते रामरथाकडे तोंड करून, म्हणजे देवाला पाठ न दाखवता, उलट पावली चालतात.

रामरथ गोदावरी ओलांडत नाही, अशी परंपरा आहे. तो पंचवटीच्या तीरावर पटांगणात थांबतो. गरुडरथ मात्र नदी ओलांडून दिल्ली दरवाजा, मेनरोड आणि रविवार कारंजा या जुन्या नाशिकच्या भागांतून फिरून परत येतो. रथमार्गावर सडे-रांगोळ्या घातल्या जातात, चौकाचौकांत पाणी व सरबत वाटले जाते आणि घरांच्या गच्च्यांवरून रथावर फुले उधळली जातात. गरुडरथ परतल्यावर रामकुंडात देवाचे अवभृथ स्नान होते. त्यासाठी रामकुंडात वाहते पाणी असणे अपेक्षित असते.

काळाराम मंदिर सत्याग्रह आणि रथ

रथ ओढण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न १९३० मध्ये या उत्सवाच्या केंद्रस्थानी आला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला मंदिरप्रवेश मिळावा यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब भाऊराव गायकवाड हे त्याचे प्रमुख संघटक होते. सत्याग्रहींना रोखण्यासाठी मंदिराचे दरवाजे बंद ठेवण्यात आले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रथाचा दिवस आला. स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली होती. परंतु प्रत्यक्षात सत्याग्रहींना दोराला हात लावू न देता रथ पुढे नेण्यात आला. त्यातून संघर्ष उद्‌भवला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे सुमारे पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवला येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

मंदिर बंद ठेवता येते, पण रथ रस्त्यावर आणावाच लागतो. म्हणून मंदिरप्रवेशाइतकाच रथाच्या दोराचा प्रश्नही या लढ्यात महत्त्वाचा ठरला. आज मंदिर सर्वांसाठी खुले असून सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी २ मार्चला येथे अभिवादनाचे कार्यक्रम होतात.

सप्तशृंगगडावरील चैत्रोत्सव

नाशिकपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर कळवण तालुक्यात सप्तशृंगगड आहे. येथील सप्तशृंगी देवी अठरा भुजांची असून तिची मूर्ती कड्यात कोरलेली आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर चैत्रोत्सव भरतो. खानदेशात देवीला माहेरवाशीण मानतात. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून हजारो पदयात्री कित्येक दिवस चालत गडावर येतात.

ही पदयात्रा ऐन उन्हात होते. पदयात्री पहाटे चालतात, दुपारी शाळा, मंदिरे किंवा झाडांच्या सावलीत थांबतात आणि ऊन कलल्यावर पुन्हा वाटेला लागतात. मार्गावरील गावांत पाणपोया, ताक आणि जेवणाची सोय लोकसहभागातून केली जाते. चतुर्दशीच्या रात्री सप्तशृंगगडाच्या शिखरावर कीर्तिध्वज फडकवला जातो. हा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे आहे. अवघड कड्यावरून ध्वज नेण्याचा हा प्रसंग पाहण्यासाठी पायथ्याशी मोठी गर्दी होते. गडावरील मंदिरात जाण्यासाठी सुमारे पाचशे पायऱ्या चढाव्या लागतात. २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉलीचीही सोय आहे.

उटीची वारी

चैत्र वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वर येथे संत निवृत्तिनाथांच्या समाधी मंदिरात उटीची वारी भरते. उन्हाळ्याचा दाह शमावा म्हणून समाधीला चंदनाची उटी लावण्याची ही परंपरा आहे. त्यासाठी आधीचे काही दिवस सहाणेवर चंदन उगाळले जाते. एकादशीला दुपारी समाधीला उटीचा लेप दिला जातो आणि रात्री तो उतरवून प्रसाद म्हणून वारकऱ्यांना वाटला जातो. पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा थंडीत येते. तिच्या तुलनेत ही वारी लहान असली, तरी नाशिक आणि नगर जिल्ह्यांतील अनेक दिंड्या तीत सहभागी होतात.

वैशाख आणि ज्येष्ठ

वैशाख शुद्ध तृतीयेला अक्षय्य तृतीया येते. या दिवशी पितरांच्या नावे मातीचा घट पाण्याने भरून त्याची पूजा करतात व तो दान देतात. आंब्याचा रस खाण्यास अनेक घरांत याच दिवसापासून सुरुवात होते. जिल्ह्याच्या खानदेशालगतच्या भागात हा सण ‘आखाजी’ म्हणून ओळखला जातो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गाणी म्हटली जातात.

वैशाख पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, पांडवलेणी अर्थात त्रिरश्मी लेणी आणि तिच्या पायथ्याचे बुद्धस्मारक येथे मोठ्या संख्येने लोक जमतात. ज्येष्ठ शुद्ध दशमीच्या सुमारास गंगा दशहरा येतो आणि गोदावरीची पूजा होते. त्यानंतर पावसाची चाहूल लागते आणि उन्हाळी उत्सवांचा क्रम संपतो.

वसंत व्याख्यानमाला

महाराष्ट्रात वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झाली. नाशिकची वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात गोदाघाटावरील यशवंतराव महाराज पटांगणावर भरते. देव मामलेदार म्हणून ओळखले जाणारे यशवंतराव महाराज यांचे १८८७ मध्ये नाशिक येथे निधन झाले. पटांगणाला त्यांचे नाव असून जवळच त्यांची समाधी आहे. सायंकाळी उघड्या आकाशाखाली होणाऱ्या या व्याख्यानांत साहित्य, राजकारण, शेती, विज्ञान आणि आरोग्य असे विविध विषय असतात. प्रवेशासाठी तिकीट नसल्यामुळे घाटावर हवा खायला आलेली कुटुंबेही श्रोत्यांत सामील होतात.

प्रेक्षणीय स्थळे

उत्सवांच्या निमित्ताने येणारे पर्यटक गोदाघाट आणि त्याच्या परिसरातील स्थळांना भेट देतात. घाटावरील रामेश्वर मंदिर हे नारोशंकराचे मंदिर म्हणून प्रसिद्ध असून तेथील मोठी घंटा नारोशंकराची घंटा म्हणून ओळखली जाते. जवळच नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात पुराचे पाणी तिच्या कोणत्या भागापर्यंत चढले, यावरून नाशिककर पुराची तीव्रता मोजतात. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यामुळे ही मूर्ती पूर्ण दिसते.

शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या पांडवलेणीत २४ लेण्यांचा समूह आहे. सातवाहन आणि क्षत्रप काळातील शिलालेखांसाठी ती महत्त्वाची मानली जाते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या येथील शिलालेखात त्याने केलेल्या दानांची यादी आहे. तीत विश्रामगृहे, विहिरी व तळी यांबरोबरच नद्या ओलांडण्यासाठी विनामूल्य नावा आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर पाणपोया केल्याचा उल्लेख येतो. रथमार्गावर आणि पदयात्रेच्या वाटेवर आज दिसणाऱ्या पाणपोईचा या प्रदेशातील हा अतिशय जुना लेखी पुरावा होय. लेण्यांपर्यंत पायऱ्यांची चढण असल्याने उन्हाळ्यात सकाळची वेळ सोयीची असते.

पिंपळगाव बसवंत आणि निफाड परिसर

नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर मुंबई–आग्रा महामार्गालगत असलेले पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील मोठे बाजाराचे गाव आहे. येथून वणी व सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता फुटतो. त्यामुळे निफाड व येवला परिसरातून चैत्रोत्सवासाठी गडावर जाणाऱ्या भाविकांना ते वाटेत लागते. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे.

उत्सवांचे दिवस आणि शेतीची कामे यांची सांगड या परिसरात स्पष्ट दिसते. चैत्रात द्राक्षबागांचा शेवटचा माल निघतो आणि बागांची खरड छाटणी सुरू होते. त्याच सुमारास उन्हाळ कांद्याची काढणी होऊन तो चाळीत साठवला जातो. शेतकरी कुटुंबांना नाशिकचा रथ किंवा गडाची वारी करायची, तर या कामांतून एखादा दिवस काढावा लागतो. गावोगावच्या यात्राही याच हंगामात भरतात. पालखी, कुस्त्यांची दंगल, बारागाड्या ओढणे, खेळण्यांची व मिठाईची दुकाने आणि रात्रीचा तमाशा असे त्यांचे स्वरूप असते.

तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे पाणथळ प्रदेश तयार झाला आहे. हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होय. स्थलांतरित पक्ष्यांचा मुख्य हंगाम हिवाळा असला, तरी उन्हाळ्याच्या प्रारंभी उरलेल्या पाण्याभोवती स्थानिक पाणपक्षी पाहता येतात.

पाण्याचा प्रश्न

उन्हाळी उत्सवांचा गाभा पाणी असला, तरी त्यांचा काळ हा पाण्याच्या सर्वाधिक टंचाईचा काळ असतो. नाशिकमधील गोदावरीचा उन्हाळी प्रवाह मुख्यतः शहराच्या वरच्या अंगास असलेल्या गंगापूर धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो. धरणाचे पाणी पिण्यासाठी, शेतीसाठी आणि उद्योगांसाठी राखावे लागते. त्यामुळे पर्वस्नानासाठी किती पाणी सोडावे, हा दुष्काळी वर्षांत वादाचा विषय होतो. २०१६ च्या दुष्काळात रामकुंड कोरडे पडले. एरवी बारमाही पाणी असणाऱ्या या तीर्थात त्या उन्हाळ्यात टँकरने पाणी सोडावे लागले.

घाट आणि कुंडांच्या तळाचे काँक्रीटीकरण झाल्यामुळे नदीपात्रातील जिवंत झरे बुजले, असा आक्षेप पर्यावरण कार्यकर्त्यांनी घेतला आहे. हे काँक्रीट काढून कुंडे पूर्ववत करण्याची मागणी सातत्याने होत आली आहे. सांडपाण्यामुळे होणारे प्रदूषण आणि उन्हाळ्यात वाढणारी पाणवेली हेही प्रश्न आहेत. रहाडींच्या बाबतीत नैसर्गिक रंगांचा आग्रह आणि पाण्याचा मर्यादित वापर यांवर भर दिला जातो. एकाच हौदातील पाण्यात शेकडो लोक रंग खेळत असल्याने रहाडीची पद्धत रस्तोरस्ती पाणी उडवण्यापेक्षा काटकसरीची आहे, असे तिचे समर्थक मांडतात.

कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी काळाराम मंदिराची रथयात्रा आणि सप्तशृंगगडाचा चैत्रोत्सव नेहमीच्या स्वरूपात होऊ शकले नाहीत. धार्मिक विधी मोजक्या लोकांच्या उपस्थितीत पार पडले. २०२२ पासून हे उत्सव पुन्हा पूर्ववत सुरू झाले.